सहा महिने एकाच जागी

शाळेत वेळापत्रक लावण्याचं काम कुणी हौसेनं मागून घेत नाही. आमच्या शाळेत ते अठरा वर्षांपासून माझ्या गळ्यात आहे, आणि खरं सांगायचं तर मला ते काढूनही टाकायचं नाही. प्रयोगशाळा एक आणि तुकड्या तीन, शेवटच्या तासाला गणित नको म्हणून रुसलेले गणिताचे सर, मध्येच बाळंतपणाच्या रजेवर जाणाऱ्या बाई, हे सगळं मी पेन्सिल आणि खोडरबर घेऊन दोन दिवसांत मार्गी लावतो. माझ्या वेळापत्रकात आजवर कुणाला चूक काढता आलेली नाही. ही फुशारकी आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात तिचा वाटा मोठा आहे.

आईचं वेळापत्रक मात्र मी लावलेलं नव्हतं. वडील गेल्यावर आम्हा दोघा भावांच्या वाटण्या झाल्या, त्या बैठकीत मामांनी ते लावलं. थोरला भाऊ कोपरगावजवळच्या आमच्या गावी शेती करतो, मी नोकरीमुळे देवळाली प्रवऱ्यात घर केलेलं. मामा म्हणाले, "आई दोन म्हैने थोरल्याकडं, दोन म्हैने धाकट्याकडं. येक तारखंला न्यायची." बसलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. आई तेव्हा आत चहा गाळत होती. तिला कुणी बाहेर बोलावलं नाही. आमच्या भागात घरोघरी अशीच वाटणी होते आणि ज्यांच्याकडे होत नाही त्यांच्याकडे भांडणं होतात, असं आम्ही एकमेकांना सांगत असतो.

एक तारखेची रीतही ठरून गेली होती. मी गाडी घेऊन बाभळेश्वरच्या चौकात जायचं, तिकडून दादा त्याची पिकअप घेऊन यायचा. दोघांनाही साधारण सारखंच अंतर पडतं, त्यात कुणावर अन्याय नाही. चौकातल्या रसवंतीत तिघं बसायचो, एकेक ग्लास रस घ्यायचो, पाऊसपाण्याचं बोलायचो. मग आईची पिशवी एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जायची आणि पिशवीमागोमाग आई. सहा वर्षं हे बिनबोभाट चाललं. एकदाही तारीख चुकली नाही याचं मला कौतुक वाटायचं.

मागच्या ऑगस्टमध्ये आई माझ्याकडे होती. एका सकाळी उठली ती उजवा गाल पुरणपोळीसारखा फुगवूनच. गावातली दाताची डॉक्टरीण माझी जुनी विद्यार्थिनी. तिनं आईचं तोंड उघडून बराच वेळ आत बॅटरी मारली. वरचे चार आणि खालचे सात, एवढेच दात शिल्लक होते आणि अकराच्या अकरा हलत होते.

"सर, सगळे काढावे लागतील," ती म्हणाली. "पण एकदम नाही काढता यायचे. आजींना शुगर आहे, जखमा लवकर भरणार नाहीत. आधी शुगर खाली आणू. मग उजवी बाजू काढू. ती भरली की डावी. ती भरली की पुढचे. त्यानंतर तीन महिने काहीच करायचं नाही. हिरडी बसू द्यायची, हाड बसू द्यायचं. मग माप घ्यायचं आणि कवळी करायची. सहा-सात महिने धरून चाला. घाईनं माप घेतलं तर कवळी पुढं ढिली होते, टोचते, तोंड सोलून काढते."

मी मान हलवत होतो. मनात पेन्सिल चालू झाली होती.

"आणि अजून एक. हे सगळं होईस्तोवर आजी एकाच ठिकाणी राहिल्या पाहिजेत. जखमेवर एकाचीच नजर पाहिजे. आज इथं, उद्या तिथं, असं चालणार नाही."

आईनं विचारलं, "सा म्हैने?"

"हो आजी."

"येकाच जागी?"

"एकाच जागी."

"काढा मंग," आई म्हणाली.

मी चाट पडलो. सुई म्हटली की ही बाई दाराआड लपते. शुगर तपासायला बोट टोचायचं तरी घरात तासभर विनवण्या चालायच्या. आणि अकरा दात काढायला एका शब्दात तयार. घरी आल्यावर तिनं त्याहून मोठं काहीतरी केलं. डॉक्टरीणबाईंनी मिश्री बंद करायला सांगितली होती. पन्नास वर्षं सकाळ-संध्याकाळ मिश्री लावणाऱ्या आईनं डबी मोरीत रिकामी केली आणि राखेनं घासून, पुसून, पालथी घालून ठेवली. मला वाटलं, बिचारीला भाकरी चावून खायची किती ओढ लागलीय. बायकोला मी तसं सांगितलंही.

त्याच दुपारी मी आलेखाच्या कागदावर आईच्या दातांचं वेळापत्रक मांडलं. वर महिने, खाली बाजू, मधे जखमा भरण्याचे दिवस तिरक्या रेघांनी. ऑगस्ट आणि सप्टेंबर माझे होते, ऑक्टोबर-नोव्हेंबर दादाचे, डिसेंबर-जानेवारी परत माझे. दात सगळे माझ्या महिन्यांत काढून होत होते. पुढे नुसतं थांबायचं होतं, ते दादाच्या महिन्यांत. माप आणि कवळी पुन्हा माझ्याकडे. 'एकाच जागी' हे डॉक्टरीणबाईंचं म्हणणं मी ऐकलं नव्हतं असं नाही. पण शिक्षक जेवढं मागतात त्याच्या निम्मं दिलं तरी शाळा चालते, हा माझा अठरा वर्षांचा अनुभव. तीन महिने नुसती वाट पाहायची तर ती आईनं दादाकडे का पाहू नये? तक्ता इतका नीट बसला की मी तो फ्रिजच्या दारावर लावला. आईला वाचता येत नाही. ती येता-जाता त्याच्याकडे बघायची आणि मला वाटायचं, तिलाही तो आवडलाय.

इथं एक गोष्ट कबूल करायला हवी. दात काढल्यावर माणसाचं फार करावं लागतं. पेज, गुळण्या, गोळ्यांच्या वेळा, कापसाचे ओले बोळे, रात्रीचं कण्हणं. हे सगळं मी माझ्या महिन्यांत नेमकं तेवढंच धरलं होतं, जेवढं टाळता येत नव्हतं; त्यापलीकडे एक दिवसही नाही. अशा वेळी दोष बायकोवर ढकलायची सोय असते आणि पुष्कळ पुरुष तिचा फायदा घेतात. पण माझी बायको एका शब्दानं काही बोलली नव्हती. हिशेब माझाच होता.

आईच्या शुगरला माझा तक्ता दाखवलेला नसल्यामुळे ती खाली यायलाच तीन आठवडे लागले. उजवी बाजू निघाली तेव्हा गणपती उठून गेले होते आणि पितरांचा पंधरवडा लागला होता. शेजारच्या काकू म्हणाल्या, या दिवसांत कशाला दाढा काढता, अशुभ असतं. आईच त्यांना म्हणाली, "पितरांला कशाला दात पायजेत? त्यांला खीर आस्ती." आम्ही सगळे हसलो. एकादशीला चहासुद्धा न घेणारी आई असं बोलली, तरी माझ्या डोक्यात काही शिरलं नाही.

डावी बाजू निघाली ती सव्वीस सप्टेंबरला. टाके घालावे लागले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सर, दहा-बारा दिवस मला रोज-एकाआड दिवशी बघायचंय. कुठं पाठवू नका." मी दादाला फोन लावला. तो शेतात होता, मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"दादा, आईला अजून धा-बारा दिवस हितंच ठिवावं लागंल. टाके हायेत."

"मंग र्‍हाऊ दे की," दादा लगेच म्हणाला. "त्यात काय इचारायचं?"

इथं मी फोन ठेवायला हवा होता. त्या क्षणाची मला आजही चीड येते, इतकी की वर्गात शिकवताना मध्येच आठवलं तर खडू मोडतो. पण तासाची अदलाबदल झाली की ती वहीत लिहून घ्यायची सवय जडलेला माणूस मी. मी म्हणालो, "मंग हे धा दिवस पुढं धरायचे का? म्हंजे डिसेंबरात मी तिला एकला न्यायची का अकराला?"

ट्रॅक्टर बंद झाला.

"तू आईचं दिस मोजाया लागला व्हय रं?" तो म्हणाला. मग आवाज बदलून म्हणाला, "येक तारखंला आन. मी चौकात हुबा र्‍हातो."

मी त्याची समजूत घालू शकलो असतो. "चुकलं दादा" एवढं म्हटलं असतं तरी तो विरघळला असता, त्याचा राग दुधावर साय धरेपर्यंतचा असतो. पण मीही मग ताठलो. तो म्हणतोय ना एक तारीख, तर एक तारीख. एकाच बापाचे आम्ही दोघं.

एक ऑक्टोबरला मी आईला गाडीत बसवलं. आमच्या त्या रस्त्याबद्दल जिल्ह्यातल्या माणसाला काही सांगायला नको. कोल्हारच्या पुढे एका खड्ड्यात गाडी आदळली आणि आईनं रुमाल तोंडावर दाबून धरला. बाभळेश्वर येईपर्यंत तिनं तो काढला नाही. मी दोनदा विचारलं, दुखतंय का? तिनं मानेनंच नाही म्हटलं. चौकात उतरली तेव्हा रुमाल लाल झाला होता.

"आशी कशी आनली रं?" दादा ओरडला.

"तूच म्हणाला ना एक तारखेला!" मीही ओरडलो. रसवंतीतली माणसं बघायला लागली.

आई आमच्या मधे आली. टाके असल्यामुळे तिला तोंड पुरतं उघडता येत नव्हतं. "काय न्हाई झालं," ती दातओठ न हलवता म्हणाली. "पान खाल्ल्यागत दिसतंय नुस्तं." आणि स्वतःची पिशवी स्वतः उचलून पिकअपमध्ये जाऊन बसली. त्या दिवशी रस कुणी घेतला नाही.

ऑक्टोबरात तिकडे सोयाबीनची काढणी असते. सगळं घर दिवसभर रानात. वहिनी सकाळी पेज करून झाकून ठेवायच्या, त्यांची काही चूक नव्हती. पण भरल्या काढणीच्या दिवसांत आपल्यासाठी वेगळं करायला लावणं आईला जड जायचं. "माझं काय, मी खाते समद्यांबरुबर," असं म्हणून ती चहात भाकरी भिजवून गिळायची. भाकरीचा कण जखमेत अडकला, डावी बाजू पिकली, ताप चढला. दादानं घाबरून तिला कोपरगावला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी जखम धुतली, औषधं दिली आणि ती आवाक्यात आल्यावर पुढचे राहिलेले दातही काढले.

मला हे आठ दिवसांनी कळलं. आई तापानं फणफणली होती हे ऐकून मला आधी काय वाटायला हवं होतं? मला आधी राग आला की माझा तक्ता मोडला. पुढचे दात तक्त्यात डिसेंबरात सरकवून ठेवले होते. मी फोनवर म्हणालो, "मला न विचारता दात काढलेच कसे?"

"तुला कशाला इचारू?" दादा म्हणाला. "हे म्हैने माझे हायेत."

आणि त्यानंतर त्यानं मनावर घेतलं. आईला दात तोच बसवणार, तेही त्याच्याच महिन्यांत. तिथल्या डॉक्टरांनी त्याला थांबायला सांगितलं होतं, अगदी हात जोडून सांगितलं होतं, हे वहिनींनी मला मागाहून सांगितलं. दादा त्यांना म्हणाला, "थांबता यायचं न्हाई. येक तारखंच्या आत पायजे. मला धाकट्याच्या हातात आई दातासकट द्यायचीय." डॉक्टरांनी शेवटी माप घेतलं.

एक डिसेंबरला चौकात दादा माझ्या आधी येऊन थांबला होता. त्यानं स्वतः पिकअपचं दार उघडलं आणि आईला म्हणाला, "हास की जरा." आई हसली. पांढरेशुभ्र, सगळे एकसारखे, मक्याच्या कणसासारखे दात. बोळकं झालेल्या तोंडात ते कुणा दुसऱ्याचेच वाटत होते. दादाचा चेहरा इतका फुलला होता की लहानपणी बैल पोळ्याला सजवून आणायचा तेव्हाचा दादा मला आठवला. त्यानं तिच्यासाठी रस मागवला, तिच्या पाठीवर हात ठेवून बसला. मी काय केलं? मी म्हणालो, "घाई केली तुम्ही." त्याचा चेहरा मिटला. आई म्हणाली, "लई ब्येस झाल्यात. मला लई आवडल्यात." आणि मोठ्यानं रस प्यायली.

घरी आल्यावर मात्र ती जेवताना दात काढून ठेवू लागली. सवय नाही म्हणाली. मग भूक नाही म्हणाली. बाहेरून कुणी आलं, किंवा दादाचा व्हिडिओ कॉल आला, की आत जाऊन दात घालून यायची, हसायची, बोलायची आणि फोन ठेवला की पदराआड काढायची. आठ दिवसांनी बायकोनं तिचे गाल दोन्ही हातांत धरून तोंड उघडायला लावलं आणि मला हाक मारली. खालची हिरडी ठिकठिकाणी सोलून निघाली होती. डावीकडे हाडाचा एक कपचा वर आला होता. आई म्हणाली, "त्याला सांगू नगं. त्यानं लई हौसंनं केल्यात."

डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि पहिल्यांदाच माझ्यावर चिडल्या. विद्यार्थिनी शिक्षकावर जेवढी चिडू शकते तेवढ्या. "सर, मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आजींना तर किती पटलं होतं! तुम्ही बाहेर औषधं घ्यायला गेलात ना, तेव्हा त्यांनी मला पुन्हा विचारलं. म्हणाल्या, सहा महिने नक्की ना? कागदावर लिहून देता का? मी म्हटलं, आजी, कागद कशाला, सर ऐकतील माझं."

घरी आल्यावर आई मागच्या ओट्यावर बसली. मी तिच्याशेजारी बसलो आणि विचारलं, "कागद कशाला मागितला गं?"

ती पदराचं टोक चाचपत म्हणाली, "मला वाटलं, डाक्टरनीनंच सांगितलं म्हंजे कुनाला वाईट वाटायचं न्हाई."

"कशाचं वाईट?"

"मी र्‍हायल्याचं." तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "सकाळच्याला जाग आली की कळत न्हाई रं, भित कुठल्या अंगाला हाय. तिकडं डावीकडं हाय, तुझ्याकडं उजवीकडं. मी भितीकडंच उठाया जाते. कोथमीर टाकली तर ती खुडाया मी नसते. देवळात बायांशी जरा जीव लागला की तारीख येती. सा वर्सं झाली, पिशवी कदी पुरी रिकामी क्येली न्हाई मी. म्हनलं, सा म्हैने तर सा म्हैने. दात काय, आज ना उंद्या पडनारच हुते."

"मग मला सांगायचं ना आई. इथंच राहा म्हणालो असतो."

"कसं सांगू? तुज्याकडं र्‍हाते म्हनलं तर त्याला नगं म्हनल्यागत झालं. त्याच्याकडं म्हनलं तर तुला. मी दोघांचीबी हाय नव्हं?"

मी पन्नाशी ओलांडलेला माणूस त्या ओट्यावर लहान पोरासारखा रडलो. अकरा दात दिले होते तिनं सहा महिन्यांसाठी. आणि मी त्या सहा महिन्यांचे तुकडे करून आलेखाच्या कागदावर बसवले होते, नीट, पट्टी धरून. उठलो आणि फ्रिजच्या दारावरचा कागद फाडून टाकला. त्यानं काय होणार होतं? वरातीमागून घोडं.

त्याच संध्याकाळी दादाला फोन केला. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. सरळ म्हणालो, "दादा, आईला आता हितंच र्‍हाऊ दे. कायमची."

"का? माझ्याकडं तिचं हाल व्हत्यात आसं गावाला सांगायचंय का तुला?"

"तसं न्हाई. तिला फिरायचा तरास व्हतोय."

"मंग माझ्याकडंच कायम र्‍हाऊ दे की. घर तर तिचं हितलंच हाय."

खरं तर त्याचं बरोबरच होतं. पण मी "हो" म्हणालो नाही. मला ती माझ्याकडे हवी होती, आता तर जास्तच. मी म्हणालो, "तिलाच इचारू." फोन आईपुढे धरला. तिनं दोन्ही हात मागे घेतले, तापल्या तव्याला हात लागल्यासारखे. फोनमधून दादा "आये, आये" करत राहिला. शेवटी मीच फोन कानाला लावला तेव्हा तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "र्‍हाऊ दे. दोन म्हैने म्हंजे दोन म्हैने. मोजायचं तूच शिकिवलंस."

मग डिसेंबर आणि जानेवारी आम्ही तिघं, मी, बायको आणि आई, दर गुरुवारी दवाखान्यात जात राहिलो. हाडाचा कपचा निघाला. हिरडी हळूहळू गुलाबी झाली. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात यायला लागली, कळल्यावर जी न दिसणं शक्यच नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अजून जरा कच्चं आहे," की आई घरी येऊन मजेत पेज प्यायची, बायकोला उखाणे घालायची. आणि ज्या गुरुवारी त्या म्हणाल्या, "वा, छान भरतंय," त्या दिवशी ती जेवली नाही. बायको म्हणाली, बरं वाटत नसेल.

कवळी फेकून द्यावी लागली नाही. हिरडी पुरती बसल्यावर डॉक्टरीणबाईंनी तिला आतून नवं अस्तर दिलं, दोनतीनदा घासून बघितली. दादाचेच दात राहिले याचं मलाही बरं वाटलं. शेवटची भेट एकतीस जानेवारीची होती. अस्तर लावलेले दात त्यांनी आईला बसवले, एक बिस्किट खायला लावलं, मग दाण्याची चिक्की. आईनं चिक्कीचा तुकडा कडकन मोडला आणि चावून खाल्ला. कुठे टोचलं नाही, काही हललं नाही. डॉक्टरीणबाईंनी कवळी काढून पुन्हा एकदा हिरड्यांवरून बोट फिरवलं, बॅटरी मारून कोपरे पाहिले. त्या इतक्या खूश होत्या की त्यांनी मदतनीस मुलीलाही बोलावून दाखवलं.

"झालं आजी! सगळ्या जखमा भरल्या. आता कुठंही जा, काहीही खा. माझं काम संपलं."

आई खुर्चीतून उठली नाही. तिचं तोंड अजून उघडंच होतं. ते तिनं आणखी मोठं उघडलं आणि स्वतःच्या बोटानं डावीकडे, अगदी मागे दाखवलं.

"नीट बघ की गं बाई," ती म्हणाली. "येखादं मूळ र्‍हायलं आसंल आतमंदी. काढून टाक. मी दम काढीन."

डॉक्टरीणबाई हसल्या. तिचा खांदा थोपटून म्हणाल्या, "नाही हो आजी, एकसुद्धा नाही राहिलं. सुटलात तुम्ही."

आईनं तोंड मिटलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी नुसतं म्हणायचं होतं, बघा ना, असेल एखादं. माझी विद्यार्थिनी ती, माझ्या एका शब्दावर तिनं अजून सहा महिने लिहून दिले असते, कागदावर, शिक्क्यासकट. पण दादा उद्या चौकात येऊन उभा राहणार होता, आणि या वेळी तारीख चुकली असती तर तो पुन्हा कधी आलाच नसता, अशी भीती मला वाटली. का माझाच ताठा अजून गेला नव्हता, कुणास ठाऊक. मी काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आम्ही बाभळेश्वरला निघालो. आई दात घालूनच गाडीत बसली.